रे हॅरून आणि ताशी पंचाहत्तर मैलांचे गणित

अमेरिकेतील आरंभीच्या काळातील शर्यतचालक रे हॅरून यांच्याविषयी तीन प्रश्न विचारले गेले आहेत. १९११ ची पहिली इंडियानापोलिस ५०० मैलांची शर्यत त्यांनी वेगाच्या बळावर जिंकली की नशिबाच्या, मागचे दाखवणारा आरसा खरोखर त्यांचाच शोध का, आणि एवढे मोठे यश मिळाल्यावर त्यांनी शर्यती कायमच्या का सोडल्या, असे ते प्रश्न आहेत. टायरची झीज मोजणे आणि ती कशी कमी करता येईल हे पाहणे या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत. त्यामुळे हॅरून यांच्या कारकिर्दीकडे मी एका अभियंत्याच्या कामाची नोंद म्हणून पाहतो आणि माझ्या मते त्यांचे मोठेपण तिथेच आहे. माझे उत्तर एका वाक्यात सांगायचे तर ती शर्यत त्यांनी गाडीच्या उजव्या मागच्या टायरची काळजी घेऊन जिंकली. हे विधान पटावे यासाठी त्यांचे आयुष्य, ती गाडी, तो ट्रॅक आणि त्या काळचे रबर या सर्वांविषयी थोडे विस्ताराने लिहावे लागेल.

हॅरून यांचा जन्म १२ जानेवारी १८७९ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील स्पार्टन्सबर्ग या लहान गावी झाला. मोटारगाडीशी त्यांचा संबंध आला तो ती घोड्याविना चालणारी एक नवलाची वस्तू होती त्या काळात. शिकागो ते न्यूयॉर्क हे अंतर सर्वांत कमी वेळात कापण्याची जी चुरस तेव्हा लागली होती, तिच्यात १९०३ मध्ये कोलंबिया गाडी घेऊन उतरलेल्या चालकांच्या चमूत ते होते. त्या प्रवासाला ७६ तास लागले आणि पुढच्याच वर्षी चमूने तो वेळ ५८ तास ३५ मिनिटांवर आणला. पक्क्या सडका जवळजवळ नसलेल्या देशात रात्रंदिवस गाडी हाकण्याचा हा अनुभव मला फार महत्त्वाचा वाटतो. लांब पल्ल्याच्या प्रवासात गाडी किती जोरात पळते यापेक्षा ती किती वेळा थांबते यावर पोहोचण्याची वेळ ठरते, हे ज्याने चिखलात टायर बदलत शिकून घेतले आहे, त्याच्या डोक्यातून ते पुढे कधी जात नाही. त्यानंतरच्या वर्षांत त्यांनी स्वतःच्या गाड्या जुळवल्या, शर्यतींत भाग घेतला आणि अखेर इंडियानापोलिसच्या नॉर्डाइक अँड मार्मन या कंपनीत अभियंता म्हणून ते दाखल झाले.

ही कंपनी मुळात पिठाच्या गिरण्यांची यंत्रे बनवणारी होती. त्या घराण्यातील हॉवर्ड मार्मन यांनी १९०२ मध्ये पहिली गाडी तयार केली. इंजिनाच्या बेअरिंगना तेल दाबाने पोहोचवण्याची व्यवस्था त्यांनी अगदी सुरुवातीपासून ठेवली होती, आणि अॅल्युमिनियमचा सढळ वापर करून वजन कमी राखण्यावर त्यांचा भर असे. अशा कारखान्यात हॅरून यांच्यासारखा माणूस रुळणे स्वाभाविक होते. अंगाने लहानखुरे आणि स्वभावाने विचारी असल्यामुळे त्यांना ‘लिटल प्रोफेसर’ म्हणत. १९१० च्या हंगामात मार्मन गाड्या घेऊन त्यांनी अनेक शर्यती जिंकल्या. त्यांतील २०० मैलांची व्हीलर-शेब्लर करंडक शर्यत २८ मे १९१० रोजी इंडियानापोलिसच्याच ट्रॅकवर झाली होती. त्या वर्षाच्या कामगिरीवरून मागाहून तयार झालेल्या नोंदींत त्यांना १९१० चे राष्ट्रीय विजेते मानले गेले. हंगाम संपताच त्यांनी शर्यतींतून निवृत्ती घेतली, कारण त्यांना गाड्या चालवण्यापेक्षा घडवण्यात अधिक रस होता. म्हणजे तिसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच मिळते. १९११ ची शर्यत ते निवृत्त झाल्यावर, मार्मन यांच्या आग्रहाखातर धावले.

आता ट्रॅकविषयी. कार्ल फिशर, जेम्स अॅलिसन, आर्थर न्यूबी आणि फ्रँक व्हीलर या चौघांनी १९०९ मध्ये इंडियानापोलिसला अडीच मैलांचा हा बंदिस्त मार्ग बांधला. त्याचा पहिला पृष्ठभाग खडी आणि डांबर यांचा होता, आणि त्या ऑगस्टमधील शर्यतींत तो अक्षरशः उखडला. चालक, मेकॅनिक आणि प्रेक्षक मिळून पाच जणांचा त्यात बळी गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस सुमारे ३२ लाख विटा बसवून मार्ग पुन्हा बांधण्यात आला. त्याची आखणी आजही तीच आहे. दोन लांब सरळ पट्टे प्रत्येकी पाच अष्टमांश मैलांचे, म्हणजे सुमारे एक किलोमीटरचे. दोन आखूड पट्टे प्रत्येकी सुमारे २०० मीटरचे. आणि चार वळणे प्रत्येकी पाव मैलाची, आतल्या बाजूस ९ अंश १२ मिनिटांच्या उताराची. गाड्या घड्याळाच्या उलट दिशेने धावतात, म्हणून प्रत्येक वळण डावे असते आणि वळणावर गाडीचा भार उजव्या चाकांवर जातो. मागची चाके गाडी ओढणारी असल्यामुळे उजव्या मागच्या टायरवर बाजूचा रेटा आणि इंजिनाचा जोर असा दुहेरी ताण येतो. ५०० मैलांत २०० फेऱ्या आणि ८०० वळणे होतात, आणि एकूण अंतराचा ४० टक्के भाग, म्हणजे ३२० किलोमीटर, वळणावरच कापावा लागतो. हे आकडे नीट लक्षात ठेवावेत, कारण पुढचे सारे विवेचन यांच्यावर उभे आहे.

‘मार्मन वास्प’ (वास्प म्हणजे गांधीलमाशी) या नावाने प्रसिद्ध झालेली पिवळी-काळी गाडी हॅरून आणि हॉवर्ड मार्मन यांनी कारखान्याच्या नेहमीच्या विक्रीच्या ‘मॉडेल ३२’ च्या भागांपासून घडवली. त्या मॉडेलचे इंजिन चार सिलिंडरांचे होते, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) साडेचार इंच आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) पाच इंच. गणित केल्यास त्याची क्षमता ३१८ घन इंच, म्हणजे सुमारे ५.२ लिटर येते. त्याच मापाचे आणखी दोन सिलिंडर जोडून सहा सिलिंडरांचे ४७७ घन इंचांचे, म्हणजे ७.८ लिटरचे इंजिन तयार झाले. नियमाने ६०० घन इंचांपर्यंत परवानगी होती आणि काही प्रतिस्पर्ध्यांनी ती मर्यादा जवळजवळ गाठली होती. हॅरून त्या मर्यादेच्या कितीतरी खाली राहिले, आणि मला यात त्यांचा विचारीपणा दिसतो. सिद्ध झालेले सिलिंडर, सिद्ध झालेले पिस्टन आणि सिद्ध झालेली वंगणाची व्यवस्था ठेवून फक्त संख्या वाढवली की इंजिनावर साडेसहा तास विश्वास ठेवता येतो. शिवाय चार सिलिंडरांच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला शक्तीचे दोन धक्के बसतात, तर सहा सिलिंडरांच्या इंजिनात तीन लहान धक्के बसतात. त्यामुळे चाकाला मिळणारा जोर अधिक सलग असतो आणि टायर विटेवर थोडा कमी घासतो. हा फायदा त्यांनी मुद्दाम हेरला होता असे मी म्हणणार नाही, पण तो झाला असणार याविषयी मला शंका नाही.

गाडीचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे तिची एकच बैठक. तेव्हाच्या शर्यतीच्या गाड्यांत चालकाशेजारी मेकॅनिक बसत असे. मागून कोण येत आहे ते सांगणे, टायरच्या कापडाचे थर उघडे पडू लागले आहेत का ते पाहणे, तेल किंवा इंधनाचा हातपंप मारणे ही त्याची कामे होती. मार्मनच्या इंजिनात तेल आपोआप दाबाने फिरत असल्यामुळे यांतील एक काम उरले नव्हते. मेकॅनिक काढून टाकल्याने एका माणसाचे वजन वाचले आणि गाडीचे अंग अरुंद करता आले. मागे लांब निमुळती शेपटी जोडल्याने हवेचा विरोधही घटला. गांधीलमाशीचे नाव मिळाले ते याच पिवळ्या अंगामुळे आणि टोकदार शेपटीमुळे.

दुसरा प्रश्न इथेच येतो. इतर स्पर्धकांनी तक्रार केली की मागे पाहणारा कोणी नसलेली गाडी चाळीस गाड्यांच्या गर्दीत सर्वांनाच धोक्याची ठरेल. ही तक्रार माझ्या मते रास्त होती. तिच्यावर उपाय म्हणून हॅरून यांनी समोरच्या बाजूस चार दांड्यांवर सुमारे आठ इंच लांब आणि तीन इंच उंच आरसा बसवला. ही कल्पना काही वर्षांपूर्वी शिकागोत एका घोडागाडीवर बसवलेला आरसा पाहून आपल्याला सुचली, असे त्यांनी स्वतःच नंतर सांगितले होते. म्हणजे आरशाचा मूळ शोध आपला असल्याचा दावा त्यांनी केला नाही. ब्रिटिश चालक डोरोथी लेव्हिट यांनी १९०९ मध्येच आपल्या पुस्तकात चालकाने हातआरसा जवळ ठेवून मागची वाहतूक पाहावी असे सुचवले होते, आणि विक्रीसाठीच्या आरशाचे पेटंट एल्मर बर्जर यांना मिळाले ते १९२० नंतरच्या काळात. हॅरून यांच्या वाट्याला येते ते श्रेय असे की शर्यतीच्या गाडीवर पक्का बसवलेला असा आरसा वापरल्याचे त्यांचे उदाहरण सर्वांत आधीचे आणि सर्वांत गाजलेले आहे. विटांच्या ट्रॅकवर तो आरसा इतका थरथरत होता की त्यात काहीच दिसत नव्हते, हेही त्यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले. पातळ दांड्यांवर उभ्या असलेल्या आरशाचे विटांच्या नियमित खाचांवर असेच होणार. तेव्हा आरशामुळे शर्यत जिंकली या म्हणण्यात तथ्य नाही. आरशामुळे त्यांना एकट्याने धावण्याची परवानगी टिकवता आली, इतकेच. पुढच्याच वर्षापासून नियम बदलून शेजारी मेकॅनिक बसवणे सक्तीचे केले गेले आणि ती सक्ती १९२२ पर्यंत राहिली.

आता मुख्य विषय, म्हणजे टायर. १९११ चा टायर आजच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर येणे कठीण आहे. तो अरुंद, उंच आणि खूप दाबाने फुगवलेला असे. त्याच्या आत सुती कॅनव्हासचे थर असत, ज्यात उभे आणि आडवे धागे नेहमीच्या कापडासारखे एकमेकांत विणलेले असत. चाक फिरताना टायर जमिनीपाशी दबतो आणि पुन्हा ताठ होतो. प्रत्येक वेळी ते धागे एकमेकांवर घासून उष्णता निर्माण करतात आणि हळूहळू एकमेकांना कापतात. रबरात काजळी मिसळून ते झिजेला चिवट करण्याची पद्धत अजून रूढ झालेली नव्हती, म्हणून टायर फिक्या रंगाचे आणि आजच्या मानाने फारच लवकर झिजणारे होते. अशा टायरचा शेवट झिजेपेक्षाही अनेकदा उष्णतेने होई. थर सुटत, पट्टाच्या पट्टा उडून जाई आणि नळी फुटे.

हॅरून यांनी शर्यतीपूर्वी टायर घेऊन चाचण्या केल्या आणि ताशी ७५ मैलांच्या आसपास टायर पुरेसे टिकतात, पण वेग त्याच्या थोडा वर नेला की त्यांचे आयुष्य झपाट्याने घटते, असा निष्कर्ष काढला. वरवर पाहता ७५ आणि ८० यांत काही मोठा फरक नाही, मग ‘झपाट्याने’ का? याचे उत्तर ट्रॅकच्या आखणीतून काढता येते. पाव मैलात काटकोन वळणाऱ्या मार्गाची त्रिज्या ८४० फूट, म्हणजे सुमारे २५६ मीटर येते. ताशी ७५ मैलांना, म्हणजे सेकंदाला साडेतेहतीस मीटर वेगाने, त्या वळणावर गाडीला गुरुत्वाच्या सुमारे ०.४५ पट बाजूचा रेटा लागतो. उताराने त्यातला सुमारे ०.१६ भाग उचलला जातो, आणि उरलेला सुमारे ०.२८ भाग टायरला आपल्या पकडीने पुरवावा लागतो. वेग ८० केला की एकूण रेटा ०.५१ पर्यंत जातो, पण उताराची मदत तेवढीच राहते, म्हणून टायरच्या वाट्याला सुमारे ०.३४ येतो. वेगात वाढ झाली ती सात टक्क्यांहून कमी, पण टायरवरचा बाजूचा भार वाढला तो वीस टक्क्यांहून अधिक. आणि वळणावर टायर जो थोडा तिरका सरकत राहतो, त्या सरकण्यातून निर्माण होणारी उष्णता ढोबळमानाने या भाराच्या वर्गाच्या आणि वेगाच्या प्रमाणात वाढते. ती दीडपटीच्याही थोडी वर जाते. हे माझे गणित सोपी गृहीतके धरून केलेले आहे आणि प्रत्यक्षात प्रत्येक चालक वळणावर थोडाफार वेग कमी करत असणार, पण दिशा स्पष्ट आहे. दीडपट उष्णता म्हणजे त्या काळच्या सुती थरांसाठी जगणे आणि मरणे यांतला फरक होता. हॅरून यांच्याकडे हे सूत्र या रूपात होते का, याला महत्त्व नाही. त्यांनी तो गुडघा, म्हणजे आलेख जिथून एकदम वर वळतो ती जागा, चाचणी घेऊन शोधली, आणि माझ्या क्षेत्रात आजही काम याच पद्धतीने चालते.

आता दुसऱ्या बाजूचा हिशेब पाहू. ५०० मैल ताशी ७५ ने कापायला ६ तास ४० मिनिटे लागतात आणि ८० ने ६ तास १५ मिनिटे. फरक २५ मिनिटांचा. टायर बदलण्यासाठी वेग कमी करणे, थांबणे, चाक बदलणे आणि पुन्हा वेग पकडणे यांत दर खेपेला अडीच मिनिटे जातात असे धरले, तर दहा जास्तीच्या थांब्यांत तो सगळा फायदा संपतो. त्यात धावताना टायर फुटून गाडी भिंतीवर जाण्याचा धोका धरलेलाच नाही. म्हणून संथ धावणाऱ्याला जिंकण्याची खरी संधी होती, फक्त त्याला आपला वेग साडेसहा तास काटेकोरपणे राखता यायला हवा होता.

इथे एक योगायोग फार उपयोगाचा ठरतो. अडीच मैलांची फेरी ताशी ७५ मैलांनी धावल्यास बरोबर दोन मिनिटांत पुरी होते. पिटमध्ये, म्हणजे टायर-इंधनासाठी गाड्या थांबतात त्या जागी, घड्याळ घेऊन उभ्या असलेल्या माणसाला चालक योजनेप्रमाणे जात आहे की नाही हे कळायला कोणताही हिशेब करावा लागत नाही. २०० फेऱ्या गुणिले दोन मिनिटे म्हणजे ४०० मिनिटे. हॅरून यांची अधिकृत वेळ आहे ६ तास ४२ मिनिटे ८ सेकंद, म्हणजे ४०२ मिनिटे ८ सेकंद, आणि सरासरी ताशी ७४.६ मैल. थांबे, अपघातांचा गोंधळ, मध्ये चालक बदलणे हे सगळे धरूनही शर्यत त्या सरळ गणितापासून जेमतेम दोन मिनिटांनी हलली. थांब्यांचा वेळ या सरासरीत मोजलेला असल्याने चालत्या गाडीचा वेग तिच्याहून एक-दोन मैल अधिक असला पाहिजे, पण तो त्या गुडघ्याच्या फार पलीकडे गेलेला नाही. माझ्या माहितीतील आरंभीच्या शर्यतींत योजना आणि निकाल यांचा इतका जवळचा मेळ दुसरीकडे दिसत नाही, आणि म्हणून मी याला नशीब म्हणायला तयार नाही.

३० मे १९११ रोजी सकाळी ४० गाड्या रांगेत उभ्या राहिल्या. पाव मैलाच्या पट्ट्यावर ताशी ७५ मैलांचा वेग दाखवणे एवढीच पात्रतेची अट होती आणि जागा ठरल्या होत्या त्या प्रवेशअर्ज आल्याच्या क्रमाने. त्यामुळे हॅरून यांची ३२ क्रमांकाची गाडी अठ्ठाविसाव्या स्थानावरून निघाली. कार्ल फिशर यांनी पुढे गाडी चालवत सर्वांना एका फेरीतून आणले आणि चालत्या गाड्यांची सुरुवात करून दिली. पुढच्या तासांत आघाडी अनेकांच्या हाती गेली. डेव्हिड ब्रूस-ब्राउन यांची फियाट बराच काळ पुढे होती, राल्फ डीपाल्मा होते, राल्फ मलफर्ड यांची लोझियर होती. सुरुवातीच्याच टप्प्यात आर्थर ग्रायनर यांच्या गाडीला अपघात होऊन त्यांचे मेकॅनिक सॅम डिक्सन मरण पावले. हॅरून मात्र घाई न करता एकेक स्थान वर सरकत राहिले. पुढच्या गाड्या टायरसाठी आत येत गेल्या आणि ते तिथेच, आपल्या दोन मिनिटांच्या फेरीत, पुढे जात गेले.

एक गोष्ट इथे आवर्जून नोंदवली पाहिजे. हॅरून यांनी संपूर्ण शर्यत एकट्याने चालवलेली नाही. सत्तराव्या फेरीनंतर सुमारे तीस-पस्तीस फेऱ्या सायरस पॅच्की या पेनसिल्व्हेनियाच्या चालकाने गाडी हाकली आणि योजनेचा वेग राखूनच ती परत केली. त्या काळी निकाल गाडी सुरू करणाऱ्याच्या नावावर लागत असे. पुढे १९२४ आणि १९४१ च्या शर्यतींत मात्र अशाच परिस्थितीत दोघांनाही विजेते मानले गेले. पॅच्की यांचे नाव विजेत्यांच्या यादीत नाही, याची मला खंत वाटते. दुसऱ्याने आखलेल्या वेगाला धरून, मोह टाळून, पाऊण-एक तासाहून अधिक काळ अनोळखी गर्दीत गाडी चालवणे हे अवघड काम आहे, आणि त्यांनी त्यात चूक केली असती तर हॅरून यांचे सगळे गणित तिथेच कोलमडले असते.

निकालाविषयीचा वाद अजून चालू असल्यामुळे त्यावरही माझे मत मांडतो. शर्यतीच्या मध्याच्या सुमारास जो यागर्सबर्गर यांच्या ‘केस’ कंपनीच्या गाडीचे स्टिअरिंग निकामी झाले, तिचा मेकॅनिक ट्रॅकवर पडला, आणि त्याला वाचवण्यासाठी हॅरी नाइट यांनी आपली गाडी वळवली ती पिटच्या बाजूच्या गाड्यांवर जाऊन आदळली. हे सगळे वेळ मोजणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर घडले आणि त्या गोंधळात फेऱ्यांच्या नोंदीत खंड पडला. चाळीस गाड्यांच्या फेऱ्या हाताने मोजायच्या, त्यांत काही पिटमध्ये, काही बंद पडलेल्या, अशा स्थितीत नोंद बिघडणे सहज शक्य होते. मलफर्ड यांच्या बाजूचे म्हणणे असे की निशाण आधी त्यांना मिळाले आणि त्यांनी खबरदारी म्हणून जास्तीच्या फेऱ्या मारल्या. अधिकाऱ्यांनी नोंदी तपासून जाहीर केलेला अंतिम निकाल असा आहे: हॅरून पहिले, मलफर्ड १ मिनिट ४३ सेकंदांनी दुसरे, ब्रूस-ब्राउन तिसरे. मार्मनची दुसरी गाडी जो डॉसन यांनी पाचवी आणली, आणि हेच डॉसन पुढच्या वर्षी नॅशनल गाडी घेऊन विजेते झाले.

माझे मत असे आहे. अडीच मैलांच्या ट्रॅकवर पावणेदोन मिनिटांचा फरक म्हणजे एका फेरीपेक्षाही कमी, म्हणून एका फेरीची चूक निकाल फिरवू शकली असती हे नाकारता येत नाही. पण मलफर्ड यांच्या लोझियरला टायरसाठी हॅरून यांच्यापेक्षा कितीतरी अधिक वेळा थांबावे लागले होते, आणि हॅरून यांची वेळ त्यांच्या योजनेशी जुळते. एखाद्याची फेरी चुकून जास्त धरली गेली असती तर त्याची वेळ योजनेशी जुळण्याऐवजी तिच्यापासून दूर जाण्याचीच शक्यता अधिक होती. हा पुरावा निर्णायक नाही, याची मला जाणीव आहे, तरीही तो हॅरून यांच्या बाजूने झुकतो. मलफर्ड हेही थोर चालक होते, आणि त्यांच्यावर अन्याय झाला असे मानणाऱ्यांना खोटे ठरवण्याची मला गरज वाटत नाही.

आता तिसऱ्या प्रश्नाचे उरलेले उत्तर. विजेत्याला दहा हजार डॉलरचे मुख्य बक्षीस होते आणि इतर सामानाच्या कंपन्यांची बक्षिसे मिळून रक्कम सुमारे १४ हजार २५० डॉलर झाली. बत्तीस वर्षांच्या हॅरून यांनी त्यानंतर पुन्हा कधीही शर्यत चालवली नाही. शारीरिक कष्ट हे एक कारण मानता येईल. विटांवर, ताठ स्प्रिंगांवर, कोणत्याही यांत्रिक मदतीविना स्टिअरिंग धरून सहा तास काढणे म्हणजे काय, हे ज्यांनी खराब रस्त्यावर जुना ट्रक चालवला आहे त्यांना थोडेफार कळेल. पण अधिक खरे कारण त्यांच्या पुढच्या कामात दिसते. ते मॅक्सवेल कंपनीत गेले, तिच्या शर्यतीच्या गाड्या आखल्या आणि रॉकेलवर इंजिन चालवणाऱ्या कार्ब्युरेटरवर, म्हणजे इंधन आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागावर, काम केले. १९१४ च्या ५०० मैलांच्या शर्यतीत बिली कार्लसन यांनी रॉकेलवर चालणारी मॅक्सवेल गाडी नवव्या क्रमांकावर आणली. रॉकेल पेट्रोलइतके सहज वाफ होत नाही. त्याला सिलिंडरमध्ये जाण्यापूर्वी उष्णता द्यावी लागते, आणि वेग सतत बदलणाऱ्या इंजिनात ती योग्य प्रमाणात देणे हीच खरी अडचण असते. ती सोडवून गाडी ५०० मैल धावती ठेवणे आणि पहिल्या दहांत आणणे हे १९११ च्या विजयाइतकेच मोलाचे काम आहे असे मी मानतो, जरी ते फारसे कोणाला आठवत नसले तरी.

पुढे मिशिगनमधील वेन येथे त्यांनी स्वतःच्या नावाची मोटार कंपनी काढली. सामान्य माणसाला परवडणारी गाडी बनवायचा त्यांचा विचार होता आणि उत्पादन १९१७ मध्ये सुरूही झाले. पण त्याच वर्षी अमेरिका महायुद्धात उतरली, कारखान्याची ताकद युद्धसामग्रीकडे वळवावी लागली, आणि युद्धानंतरच्या मंदीत कंपनी सावरू शकली नाही. १९२२ मध्ये ती बंद पडली. त्यांचे गणित चांगले होते, पण व्यवसायाला लागणारे भांडवल आणि सवड त्यांना मिळाली नाही. उरलेले आयुष्य त्यांनी अभियंता म्हणूनच काढले. १९६१ मध्ये पहिल्या शर्यतीला पन्नास वर्षे झाली तेव्हा ८२ वर्षांच्या हॅरून यांनी त्याच ट्रॅकवर, त्याच गाडीत बसून ती चालवून दाखवली. १९ जानेवारी १९६८ रोजी इंडियाना राज्यातील अँडरसन येथे, नव्वदाव्या वर्षात पदार्पण केल्यानंतर आठवड्याभरात त्यांचे निधन झाले.

ती मूळ गाडी इंडियानापोलिस स्पीडवेच्या संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. आपले पुष्कळ मराठी अभियंते मिशिगन, इंडियाना आणि ओहायो या भागांत मोटारउद्योगात काम करतात, त्यांच्यापैकी कोणी तिथे गेल्यास माझी सूचना अशी की आरशापाशी फार वेळ घालवू नये. गाडीच्या मागच्या बाजूला जाऊन टायरची रुंदी पाहावी, ती हाताच्या वितीशी ताडून पाहावी, मग शेपटीच्या निमुळतेपणाकडे आणि चालकाच्या जागेच्या अरुंदपणाकडे पाहावे, आणि त्या एवढ्याशा रबरावर ८०० वळणे घ्यायची असती तर आपण कोणता वेग धरला असता, हे कागदावर मांडून पाहावे.